तिसरा पिवळा रुमाल

आमच्या घरात सोमवारी संध्याकाळपर्यंत कोणी स्कोअर सांगायचा नाही असा नियम होता. अमेरिकन फुटबॉलची रविवारी रात्री तिकडे जी मॅच होते ती इथे सिंगापूरला सोमवारी सकाळी लागते, आणि सोमवारी सकाळी मी क्वीन्सटाउनच्या ऑफिसात मान खाली घालून बसलेला असतो. म्हणून दिवसभर फोनवरच्या बातम्या बघायच्या नाहीत, आमच्या टीममधल्या अमेरिकन माणसाला लांबूनच हात जोडायचे, लंचला त्याच्यापासून चार टेबलं दूर बसायचं आणि संध्याकाळी हौगांगला घरी येऊन, हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन रेकॉर्डिंग लावायचं. बायको म्हणायची, "एवढं पथ्य डॉक्टरने सांगितलं असतं तर एक दिवस पाळलं नसतंस."

त्या अमेरिकन माणसानेच मला ह्या नादाला लावलं. पहिल्यांदा त्याच्या घरी बघितलं तेव्हा वाटलं, हे काय, हेल्मेट घालून मारामारी! पण मग मैदानाच्या कडेला एक गडी दिसला. एकटाच उभा. समोरचा जिकडे पळेल तिकडे त्याच्याबरोबर पळायचं आणि लांबून फेकलेला बॉल त्याच्या हातात पडू द्यायचा नाही, एवढंच ह्याचं काम. मी विचारलं, ह्याला काय म्हणतात? म्हणाला, कॉर्नर. मी पुण्यात कॉलेजला असताना कबड्डीत डावा कोपरा खेळायचो. हातातली प्लेट खाली ठेवून मी उभाच राहिलो. म्हटलं, अरे, हा तर मीच की!

त्या खेळात नियम तसा साधा आहे. सुरुवातीच्या दोन-चार पावलांत थोडी ढकलाढकली चालते, पण पुढे बॉल हातात येईपर्यंत झेलणाऱ्याला धरायचं नाही. धरलं तर रेफ्री पिवळा रुमाल जमिनीवर फेकतो आणि शिक्षा होते. आता गंमत बघा. धरतात सगळेच. कोणी जर्सीचं टोक धरतो, कोणी कोपरात कोपर अडकवतो, कोणी सरळ कमरेला हात घालतो. आणि रेफ्री एकदा रुमाल फेकतो, दुसऱ्यांदा त्याच गोष्टीवर आभाळाकडे बघतो. पहिल्या पाच मिनिटांत जो फाऊल तो शेवटच्या पाच मिनिटांत फाऊल नसतो. नावाजलेल्याला जे चालतं ते नवख्याला चालत नाही. पट्टीचे कॉर्नर हे ओळखून असतात. ते दर वेळी थोडं थोडं धरतात, कारण रेफ्रीने दर वेळी रुमाल फेकला तर मॅच पुढे सरकायचीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

ह्यावरून मी टीव्हीसमोर जो थयथयाट करायचो तो आठवला की आता कान गरम होतात. "अरे आंधळ्या, दिसत नाही का? जर्सी फाटायची तेवढी बाकी राहिलीये!" "आता का नाही फेकत? रुमाल काय नाक पुसायला ठेवलायस?" बायको उठून कॉरिडॉरकडच्या खिडक्या लावून घ्यायची. शेजारच्या चिनी आजींनी एकदा लिफ्टमध्ये तिला हळूच विचारलंही होतं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

माझ्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन आमची लेक बसलेली असायची, वय वर्षं चौदा. माझा आरडाओरडा तिला मॅचपेक्षा जास्त आवडायचा. "बाबा, ही कॅन्ट हिअर यू ला," असं ती इथल्या पोरांसारखं ताणून म्हणायची आणि खिदळायची. मग तीही त्या कॉर्नरकडे बघायला लागली. त्याचे पाय कसे पडतात, तो मान कधी वळवतो. माझ्या लक्षात आलं की ही बॉलकडे बघतच नाही, माझ्यासारखीच ह्या एकट्या माणसाकडे बघते. कोण आनंद झाला होता मला!

आमची लेक बुटकी आहे. माझ्यावर गेलीये. शाळेच्या नेटबॉलच्या टीममधून तिला उंचीपायी काढलं होतं, तेव्हा ती दोन दिवस जेवायला नीट बसली नव्हती. नंतर बॅडमिंटन झालं, पोहणं झालं, कुठेच जीव रमेना. मग तिने कुठूनसं शोधून काढलं की ईस्ट कोस्टच्या बाजूला एका मैदानावर शनिवारी सकाळी मुलामुलींची फ्लॅग फुटबॉलची लीग चालते. खेळ तोच, फक्त आडवं पाडायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन्हीकडे कापडी पट्ट्या लावलेल्या असतात, त्यातली एक ओढली की समोरचा बाद. इथे तिचं बुटकेपण कामी आलं. ती भोवऱ्यासारखी गर्रकन वळायची. दोन महिन्यांत ती टीमची कॉर्नर झाली. शनिवारी अलार्मच्या आधी उठायला लागली. स्वतःची बाटली स्वतः भरायला लागली हो, ह्याहून मोठा पुरावा काय हवा?

मग मला शहाणपणा सुचला. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत बॉल खेळायला मनाईची पाटी आहे, म्हणून आम्ही कॅनॉलच्या कडेच्या हिरवळीवर जायचो. पन्नाशीला टेकलेला मी झेलणारा व्हायचो आणि ती मला अडवायची. एके दिवशी तिला म्हटलं, "हे बघ, रेफ्री ज्या बाजूला असेल त्याच्या पलीकडच्या हाताची दोनच बोटं जर्सीच्या टोकात अडकवायची. ओढायचं नाही. नुसती अडकवायची. त्याचं अर्धं पाऊल चुकतं आणि तेवढं पुरतं."

ती थांबली. म्हणाली, "बट बाबा, दॅट्स चीटिंग, व्हॉट."

"चीटिंग कसलं गं? ते मोठमोठे खेळतात ते काय वेडे आहेत? दर वेळी करायचं, पण थोडंसंच करायचं. रेफ्री दर वेळी रुमाल टाकूच शकत नाही. एखादा टाकेल, टाकू दे."

"आणि टाकला तर?"

"तर पुढच्या वेळी परत करायचं. रेफ्रीलाच लाज वाटली पाहिजे."

हे मी म्हटलं होतं. शब्दन् शब्द आठवतो. तिने दोन बोटं माझ्या टी-शर्टात अडकवून बघितली आणि मी खरंच अर्धं पाऊल चुकलो. दोघंही हसलो. पुढचे तीन महिने आम्ही तेच घोटलं.

ऑक्टोबरात लीगच्या कोचने सांगितलं की डिसेंबरच्या सुट्टीत बारा मुलींची टीम बँकॉकला स्पर्धेला न्यायची आहे. कोच म्हणजे तिशीतली एक सिंगापूरकर बाई, कमी बोलणारी, शिट्टीपेक्षा भुवयांनी जास्त काम करणारी. दहा जणी ठरल्यातच जमा होत्या. कॉर्नरच्या दोन जागांपैकी एक भरली होती, एकीसाठी दोघी होत्या. एक आमची. दुसरी समोरच्या टीममधली, माझ्या मित्राची मुलगी. निवडीआधीच्या शेवटच्या शनिवारी ह्या दोघींच्या टीम आमनेसामने होत्या आणि कोच कडेला वही घेऊन बसणार होती.

लेकीने पालकांच्या संमतीचा फॉर्म भरून, माझी सही घेऊन, फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. निवड व्हायच्या आधीच. मी म्हटलं, "अगं, नाव तरी येऊ दे." तर म्हणाली, "येईल." तिच्या तोंडून असला ठाम शब्द मी नेटबॉलनंतर पहिल्यांदाच ऐकला होता. तिच्या आईने फ्रिज उघडताना फॉर्मला हात लागू नये म्हणून दार कडेने धरायला सुरुवात केली.

आता लीगची एक रीत सांगितली पाहिजे. तिथे पगारी रेफ्री नाहीत. पालकच आळीपाळीने रेफ्री होतात, एका मॅचला दोघं, एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन. मीही घेतलं होतं. टीव्हीसमोर एवढं बोंबलणारा माणूस मागे राहतोय थोडाच! आपल्या मुलाच्या मॅचला आपण उभं राहायचं नाही, एवढा एकच संकेत. त्या शनिवारी सकाळी एका रेफ्री आईला ताप आला आणि कोच माझ्याकडे आली. म्हणाली, दुसरा कोणी प्रशिक्षण घेतलेला हजर नाहीये, चालेल का? मला नाही म्हणता आलं असतं. अर्धा तास थांबलो असतो तर दुसऱ्या मैदानावरची मॅच संपून कोणीतरी मोकळं झालं असतं. पण "माझ्यावर विश्वास ठेवा" असं काहीतरी इंग्रजीत बोलून मी छाती फुगवून शिट्टी गळ्यात अडकवली.

माझा मित्र कडेला घडीची खुर्ची टाकून बसला होता. मूळचा ठाण्याचा, इथे ईस्ट कोस्टला कॉन्डोत, म्हणजे पैसेवाल्यांच्या सोसायटीत राहतो. चेष्टेखोर माणूस. मला बघताच ओरडला, "काय रे, आज घरचाच न्यायाधीश? मग आम्ही कशाला ऊन खातोय? हरलोच म्हणा!" आजूबाजूच्या चार मराठी बायका हसल्या. मीही हसलो. पण ते वाक्य काट्यासारखं रुतलं.

माझं बालपण पिंपरीला एका कंपनीच्या कॉलनीत गेलं. पोरांची भांडणं झाली की शेजारणी तक्रार घेऊन यायच्या आणि आमची आई काय झालं, कोणी सुरुवात केली, काही न विचारता आधी माझ्या एक कानाखाली वाजवायची. सगळ्यांच्या देखत. मग विचारायची, "हं, आता सांगा." कॉलनीत तिचं केवढं नाव होतं! ती बाई आपल्या पोराची बाजू घेत नाही हो, असं लोक कौतुकाने म्हणायचे. कौतुक तिच्या वाट्याला आणि चपराक माझ्या वाट्याला. एकदा तर मी मार खाऊन आलो होतो आणि वर आईचाही खाल्ला होता. त्या दिवशी मी पाण्याच्या टाकीमागे बसून ठरवलं होतं की मला पोरं झाली की मी आधी विचारीन.

मॅच सुरू झाली. पाचव्या मिनिटाला बॉल लेकीच्या बाजूला आला. मी उजवीकडे होतो, म्हणजे तिचा डावा हात लपलेला. दुसऱ्या कोणालाही दिसलं नसतं. पण ती दोन बोटं नेमकी कुठे जाणार हे ह्या मैदानावर मला एकट्याला माहीत होतं, कारण मीच शिकवलं होतं. मी बरोबर तिथेच बघितलं आणि रुमाल फेकला.

तिने आधी रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. राग नव्हता. नुसतं कोडं पडल्यासारखं बघितलं. कडेवरून मित्राचा आवाज आला, "अरे वा!"

खरं सांगतो, तो "अरे वा" मला गोड लागला.

पुढे बॉल दुसऱ्या बाजूला गेला. मित्राच्या मुलीने आमच्या झेलणारीच्या कमरेत उघडउघड हात घातला. दोन बोटं कसली, अख्खा पंजा. मी चार पावलांवर होतो. रुमाल हातात आलाही होता. पण वाटलं, आत्ताच लेकीवर टाकलाय, आता लगेच इकडे टाकला तर म्हणतील, बघा, घेतला बदला. मी रुमाल परत खोचला आणि बुटाच्या लेसकडे बघायला लागलो. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी आमच्या टीमच्या मुली माझ्याकडे हात पसरून ओरडल्या. सोमवारी टीव्हीसमोर मी जसा ओरडतो, अगदी तसंच.

मध्यांतरानंतर लेकीवर दुसरा रुमाल. तोही बोटांचाच. खरा होता, पण त्याच मिनिटाला समोरची तेच करत होती. लीगमध्ये तीन झाले की बाहेर बसावं लागतं. लेक माझ्याजवळून जाताना हळूच मराठीत म्हणाली, "बाबा, ती पण धरतेय." मी इंग्रजीत मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "रेफ्रीशी वाद घालायचा नाही."

तिसरा रुमाल. हा लिहायचा नव्हता. पण लिहिणार आहे.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. लांबचा बॉल, उंच. लेक झेलणारीच्या खांद्याशी खांदा लावून पळत होती. ती वळली, आणि ह्या वेळी तिने दोन्ही हात वर केले, बोटं फाकलेली, रिकामी. तिने धरायचं सोडून दिलं होतं. मधल्या वेळात तिनं स्वतःच ठरवलं असणार की बाबा बघतोय, आता स्वच्छ खेळू. आणि तिने बॉल हवेतच थापटून खाली पाडला. तीन महिन्यांत तिच्याकडून इतकं सुंदर काही झालं नव्हतं. पण बॉल हवेत असतानाच, तिचे हात वर जायच्या आधीच, माझ्या हातून रुमाल सुटला होता. ती धरणारच असं गृहीत धरून मी तो फेकून मोकळा झालो होतो.

रुमाल उचलायची सोय असते. हात हलवून खूण करायची, चुकून पडला, फाऊल नाही. टीव्हीवर एखादा रेफ्री असा रुमाल उचलतो तेव्हा मी त्याला शाबासकी देतो. मी खाली वाकलोसुद्धा. आणि वाकल्यावाकल्या मनात आलं, लोक म्हणतील, मुलीचा म्हणून उचलला. मग मी ताठ उभा राहिलो आणि बोट तिच्याकडे करून तिला बाहेर काढलं.

तिने कमरेचा पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि कोचच्या पलीकडे गवतावर जाऊन बसली. त्याच बाजूने पुढचा बॉल गेला आणि तिची टीम हरली.

मॅचनंतर मित्राने माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं यार तुला! पोटच्या पोरीलाही सोडलं नाहीस." बायकाही म्हणाल्या, असं पाहिजे. मी विनयाने हसलो. हो, हसलो. मला बरं वाटत होतं. पिंपरीच्या कॉलनीतली आमची आई माझ्या अंगात येऊन उभी होती आणि तिचं कौतुक चाललं होतं.

मग कोच आली. मला बाजूला घेऊन तिने वही उघडली आणि विचारलं, "तिसरा माझ्या बाजूने नीट दिसला नाही. खरंच धरलं होतं?"

तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तिच्या वहीत अजून काहीच ठरलेलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, माझी चूक झाली. दोन सेकंदांचं काम. मित्र पाच फुटांवर खुर्ची मिटत होता.

मी म्हणालो, "हो. तिला ती सवयच आहे."

कोचने मान हलवली आणि लिहून घेतलं.

घरी जाताना बसमध्ये लेक खिडकीशी बसली, टोपी डोळ्यांवर ओढून. मी म्हटलं, "भूक लागली का? काही घ्यायचं का वाटेत?" तिने नको म्हणून मान हलवली. घरी आईने दार उघडताच विचारलं, "कशी झाली गं?" तर म्हणाली, "तीन फाऊल. आऊट." "कोणी दिले एवढे?" "रेफ्रीने," असं म्हणून ती अंघोळीला गेली. माझं नाव घेतलं नाही. बायकोला नंतर मीच सांगितलं, तिसऱ्याचं सोडून सगळं. ती म्हणाली, "तूच शिकवलं होतंस ना ते?" मी म्हटलं, "खेळात शिस्त नको का?" ती उठून कणीक मळायला गेली. ओरडली असती तर परवडलं असतं.

बुधवारी पालकांच्या ग्रुपवर यादी आली. मित्राची मुलगी होती. आमची नव्हती. संध्याकाळी घरी आलो तर फ्रिजवर फॉर्म नव्हता, नुसतं मॅग्नेट होतं. फॉर्म तिने फाडला नव्हता, चोळामोळाही केला नव्हता. दुहेरी घडी घालून कागदांच्या रद्दीत ठेवला होता, माझ्या सहीसकट. मी तो बाहेर काढला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

सोमवारी सवयीने मॅच लावली. लेक जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती. सोफ्यावर आली नाही. तिसऱ्याच खेळीला एका कॉर्नरने समोरच्याची जर्सी सरळ मुठीत धरली आणि रेफ्रीने रुमाल काढला नाही. माझं तोंड उघडलं. आणि तसंच राहिलं. लेकीने वहीतून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मी काय म्हणतो ह्याची वाट बघितली. मी टीव्ही बंद केला.

त्यानंतर दोन शनिवार मी मैदानावर गेलोच नाही. ऑफिसचं काम काढलं. लेक मात्र जात होती, एकटी, एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने. बँकॉकची टीम मैदानाच्या एका बाजूला सराव करायची आणि उरलेल्या मुली दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या शनिवारी मी गेलो. लेकीला न सांगता तिच्यामागून निघालो आणि कोचला पार्किंगपाशी गाठलं. इंग्रजीत पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, तिसरा फाऊल नव्हता. तिने हात वर केले होते. मी बघितलं होतं आणि तरी रुमाल उचलला नाही. आणि ती धरायची सवय, ती तिची नाही. मी शिकवलीये.

कोचने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, नावं गेली, तिकिटं झाली, आता काही करता येणार नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, "निदान ग्रुपवर सांगू का, की तो निर्णय चुकीचा होता? तिच्यासाठी बरं होईल. मुली तिला चिडवतात."

चिडवतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि एवढं ऐकूनही माझ्या तोंडातून काय निघालं? "बघू. आत्ता नको." ग्रुपवर मित्र होता. त्या चार बायका होत्या.

कोचने भुवया वर केल्या. निघता निघता म्हणाली, "एक विचारू? मी मॅचनंतर तिलाही विचारलं होतं, हे धरायचं तुला कोणी शिकवलं. तिच्या टीमच्या कोचने शिकवलं असेल तर मला त्याला बोलायचं होतं. ती म्हणाली, यूट्यूबवर बघून शिकले. तिसऱ्या फाऊलबद्दलही विचारलं. म्हणाली, रेफ्रीला बरोबर दिसलं असेल."

मी तिथेच पार्किंगच्या कठड्यावर बसलो. समोर मुली पळत होत्या, त्यांत आमची बुटकी कुठली हे लांबूनही कळत होतं. जाऊन तिच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. तिला न भेटताच घरी आलो.

दुपारी ती आली, जेवायला बसली. आई बाहेर गेली होती. मीच वरणभात वाढला. मग म्हटलं, "कोच भेटली होती. तू तिला यूट्यूब सांगितलंस?"

"हं."

"का गं? माझं नाव का नाही घेतलंस?"

तिने भातात वरण कालवत, अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मग ती तुला ओरडली असती ना, बाबा. सगळ्यांसमोर. तुला ते आवडत नाही."

आईच्या चपराकीची गोष्ट मी तिला लहानपणी कितीदा सांगितली होती, हसत हसत, गंमत म्हणून. तिने ती गंमत म्हणून ऐकली नव्हती.

"आणि तुला आवडतं?" मी विचारलं.

"नो ला. कोणाला आवडेल?" असं म्हणून तिने लोणच्याची बाटली ओढून घेतली.

मी फोन काढला आणि तिच्यासमोर बसूनच पालकांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. दुसऱ्या कोणाच्या मुलीबद्दल काही नाही, फक्त माझ्याबद्दल. धरायला मी शिकवलं. मॅचला मी उभं राहायला नको होतं. तिसरा फाऊल बहुधा नव्हता. कोचने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही. माफ करा. लिहून झाल्यावर फोन तिच्यापुढे सरकवला. उष्टा हात लांब धरून, मान वाकडी करून तिने सगळं वाचलं. एकदा वाचून पुन्हा वरून वाचलं.

"बाबा, 'बहुधा' का लिहिलंयस?"

मी फोन परत हातात घेतला.

"माझे हात वर होते," ती म्हणाली, आणि आत्ता, तीन आठवड्यांनी, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू बघितलंस. काढ ते."

मी काढलं. मग पाठवलं.